वास नसलेली पात

शिवणबाईंचं नाक गेलं त्याला चार महिने झाले होते, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नाक तसं जागेवरच होतं, सरळ, चष्मा नीट पेलणारं. गेला होता तो वास. आधी आठवडाभर ताप आला, मग सर्दीनं डोकं धरलं, मग दोन्ही गेलं, आणि एका सकाळी बाईंनी चहाच्या पुडीचा डबा उघडून नाकाशी नेला तर काहीच नाही. डबा काठोकाठ भरलेला होता. बाईंनी पुन्हा खोल श्वास घेतला. नुसती हवा आत गेली.

येईल परत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सर्दीनं जातो, सर्दीबरोबर येतो. पण पंधरवडा गेला, महिना गेला, आणि साबण, रॉकेल, लिंबू, फिनेल सगळं एकाच पंगतीला येऊन बसलं.

सांगायचं तर कुणाला? मुलगा जहाजावर, तीन-तीन महिने समुद्रात. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. डोळ्याला भिंग लावून बसला की जगबुडी झाली तरी त्याला काट्याच्या पलीकडचं दिसत नसे. राहिली सून, तिला नुकतेच दिवस राहिलेले. तिला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या पोटात जे जातंय ते शिजवणाऱ्या बाईला करपलेलं कळत नाही, नासलेलं कळत नाही, असं? बाईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं होतं. उसवलेली शिवण झाकून कशी न्यायची ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. झाकली मूठ, म्हणून त्या गप्प राहिल्या.

शिवाय त्यात थोडी लाजही होती. जिन्यात पाऊल टाकल्याबरोबर कुणाच्या शेगडीवर काय आहे ते सांगणारी बाई, असा त्यांचा लौकिक. शेजारणीच्या भांड्यातलं दूध शिळं आहे हे त्यांनी एकदा तिच्याच पाहुण्यांसमोर सांगून टाकलं होतं. जन्मभर नाकानं कांदे सोलले, आणि आता नाकच नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील ते त्यांना न ऐकताच ऐकू येत होतं.

मग सुरू झालं ते भीतीचं राज्य. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे साबणाचा फेस करून गॅसच्या नळीला आणि सांध्यांना चोळायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. बटण बंद केलं की तीनदा चाचपायचं. थंडी असो वारा असो, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. दूध आणलं त्या दिवसाची चिठ्ठी पातेल्याच्या कानाला. फोडणीचं सगळं कानावर आणि डोळ्यावर चाललेलं. तडतड थांबली की उतरवायचं, कडा तपकिरी झाल्या की पुरे. दुपारी अंग टाकलं तरी डोळा लागत नसे. आपण श्वासाबरोबर आत काय घेतोय हे कळत नाही, या विचारानं त्या उठून पुन्हा बटण बघून यायच्या.

तारून नेत होती ती सूनच, आणि तिला त्याची कल्पना नव्हती. दिवस राहिल्यापासून तिला जसं दुसरं नाक फुटलं होतं. नकाशे काढणाऱ्या कचेरीतून घरी आली की दारातूनच म्हणायची, "आई, दूध लागतंय वाटतं," की बाई धावत जाऊन शेगडी बंद करायच्या आणि म्हणायच्या, "कळलं गं मला, येतच होते." घरात एकीचं नाक गेलेलं आणि दुसरीचं दुप्पट झालेलं. बाई तिच्या नाकावर जगत होत्या.

फक्त कांद्याची पंचाईत होती. कांदा चिरायला घेतला की सून पदर तोंडाला लावून खोलीत पळायची. म्हणून बाईंनी कांदा बंद करून पातीच्या कांद्यावर काम चालवलं. पात सौम्य, तिचा दर्प दारापर्यंत जात नाही. बाई जुडी आणून आधी मुळांशी नीट धुवायच्या, कारण पातीच्या बेचक्यात माती लपून बसते. बुडखा वेगळा, हिरवं वेगळं चिरायच्या. पांढरा बुडखा मंद आचेवर तेलात आधी, तो काचेसारखा होईपर्यंत. हिरवी पात अगदी शेवटी, शेगडी बंद केल्यावर, नाहीतर तिचा चिकट लगदा होतो. मुळांसकट बोटभर तुकडा ठेवला होता तो गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचून दिलेला. आठ दिवसांत त्याला हिरवे कोंब येत, आणि मग जुडी संपली तरी वरवर कातरून मूठभर पात मिळे.

त्या शनिवारी जुडी संपली होती. सुनेची कचेरी अर्ध्या दिवसाची. बाईंनी बटाटे उकडून कुस्करले, लोणी घातलं, मिरपूड घातली, चार अंडी उकडून बारीक करून त्यात मिसळली. मग कात्री घेऊन त्या गॅलरीत गेल्या. गेल्या महिन्यात भिंतींना रंग देताना नवऱ्यानं कुंड्या आणि डबे इकडचे तिकडे केले होते, तेव्हापासून सगळी सरमिसळ होती. एका डब्यात पात छान तरारून आली होती, बारीक, गर्द हिरवी. बाईंनी चांगली मूठभर कातरली. कात्री चालताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. पात कापली की कशी पोकळ नळी दबल्यासारखी कुरकुर होते, तशी झाली नाही. कोवळी असेल, असं म्हणून त्यांनी ती बारीक करून बटाट्यावर पसरली. चमचाभर चाखून पाहिलं. मीठ लागलं, लोणी जिभेला मऊ लागलं. वास गेल्यापासून जिभेवरही तेवढंच उरलं होतं.

पाऊण डबा भरून त्यांनी ब्रेड आणायला जाताना नवऱ्याच्या दुकानात देऊन टाकला. बारा वाजता सून आली, हातपाय धुऊन बसली, आणि कधी नव्हे ते तिनं पुन्हा ताट पुढे केलं. बाईंना बरं वाटलं. पोटात दोन घास गेले की पोरीच्या चेहऱ्यावर रंग येतो.

"आज काय केलंत वेगळं?" सुनेनं विचारलं.

"काही नाही गं. रोजचंच. पात घातली."

"पातीचा वासच नाही आला आज. जरासुद्धा नाही. म्हणून तर दोनदा घेतलं." ती बशी पुसत हसली. "रोज अशीच पात आणत जा."

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. आधी त्यांना बोलण्याचा अर्थ कळला नाही. मग कळला. जिला तीन घरांपलीकडचा कांदा कळतो तिला ताटातली मूठभर पात कळत नाही, असं कसं होईल?

"आलेच हं," म्हणून त्या गॅलरीत गेल्या. कातरलेल्या डब्यापाशी बसून त्यांनी एक पान खुडलं, चुरगाळलं, सवयीनं नाकाशी नेलं. काही नाही. शेजारच्या डब्यातही तशीच हिरवी पानं होती. त्यातलं एक चुरगाळलं. तिथेही काही नाही. काही कळायचं कारणच नव्हतं. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही पानं डोळ्यांजवळ धरली, शाळेत टाका तपासावा तशी. एक पान गोल होतं, नळीसारखं, दाबलं की चपटं होणारं आणि आतून ओलसर. दुसरं, जे त्यांनी कातरलं होतं ते, मुळात चपटंच होतं. भरीव. त्याला नळी नव्हती. त्यांनी माती उकरली. खाली एक काळपट सालीचा गड्डा होता.

ही पात नव्हती. मग हे काय होतं, ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणंच जास्त भयंकर होतं. वस्तीत एकदा कुणीतरी कसलासा कंद खाऊन गेल्याचं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. ते आता नेमकं आठवलं, त्या माणसाच्या बायकोच्या रडण्यासकट.

आणि तरीही बाई तिथंच बसून राहिल्या. पुढे कित्येक महिने त्यांना स्वतःची जी लाज वाटत राहिली ती याच काही मिनिटांची. मन म्हणत होतं, गवत असेल. गवत खाऊन कुणी मरत नाही. सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल. नाकाचं, दुधाच्या चिठ्ठ्यांचं, गॅसचं. ही पोर घाबरेल, घाबरण्यानंच काहीतरी होईल. थोडं थांबू. तासभर बघू.

तेवढ्यात आतून ओकारीचा आवाज आला.

तो रोजचाही असू शकत होता. गेले चार महिने ती अशीच ओकत होती. पण बाईंना पुढचं काही सुचेना. दोन्ही पानं मुठीत धरून त्या मोरीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सून वाकून तोंड धूत होती.

"याचा वास घे," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

सुनेनं गोल पान नाकाशी नेलं आणि लगेच मान फिरवली. "ई, कांदा. न्या ते."

"आणि हे?"

"हे गवत आहे काहीतरी. का?"

"हे मी बटाट्यात घातलं. मला वास येत नाही. ताप आल्यापासून येत नाही. चार महिने झाले." बाई एका दमात बोलल्या, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा बोलता आलं नसतं.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा एक हात आपोआप पोटावर गेला. बाईंना वाटलं, आता ही किंचाळेल, आणि तिनं किंचाळावं असंही वाटलं. ती किंचाळली नाही. ती फक्त पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "झाड कुठंय? गड्ड्यासकट पिशवीत घाला. तुम्ही खाल्लंत?"

"चमचाभर."

"आणि बाबा?"

बाईंनी भिंतीला हात टेकला. नवरा साडेबाराला जेवतो. भिंतीवर वीस घड्याळं असलेल्या माणसाला जेवायला उशीर होत नाही. त्या क्षणी साडेबाराला चार मिनिटं कमी होती.

फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. सुनेनं टॅक्सी बोलावली, बाईंनी मातीसकट झाड पिशवीत कोंबलं, आणि दोघी जिना उतरल्या. बाईंनी सुनेचा दंड धरला होता. कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. दुकान दवाखान्याच्या वाटेवरच होतं, दहा मिनिटांवर. टॅक्सी थांबते न थांबते तोच बाई उतरल्या. घड्याळजी नळाखाली रिकामा डबा विसळत उभे होते, भिंग कपाळावर.

"फोन का उचलला नाहीत?"

"हात खरकटे होते. अगं, बटाटा छान झाला होता आज," ते म्हणाले.

"गाडीत बसा."

"दुकान उघडं आहे."

"अहो, बसा आधी. मी तुम्हाला विष घातलंय बहुतेक."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात असं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते ओल्या हातानंच येऊन बसले. वाटेत बाईंनी सगळं सांगितलं, रस्त्याकडे बघत, कारण त्या दोघांकडे बघवत नव्हतं. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्यानं न सांगता वेग वाढवला.

घड्याळजींनी पिशवीत डोकावून बघितलं. "ही तर फुलझाडं. पांढरी फुलं येतात. एका गिऱ्हाइकानं गड्डे दिले होते, मीच लावले. तुला सांगितलं होतं मी."

"कधी?"

"रंगकाम झालं त्या दिवशी. तू शेगडीशी होतीस."

तेव्हा आपण दुधावर डोळे लावून बसलो असणार, काही ऐकू न येण्याइतके, हे बाईंना कळलं. थोड्या वेळानं घड्याळजींनीच खिडकी खाली केली आणि म्हणाले, "मला मळमळतंय." त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं. मग बाईंना आपल्याही पोटात काही ढवळल्यासारखं वाटू लागलं, पण ते भीतीचं की त्या पानांचं हे त्यांना सांगता आलं नसतं.

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी सुनेला आत घेतलं, मग घड्याळजींना, मग झाड मागितलं. पान तोडून तिनं वास घेतला, गड्डा उलटापालटा केला, फोनवर कुणाशी तरी बोलली. किती पानं, किती वाजता, गड्डा घातला होता का, हे तिनं तीन वेळा विचारलं. बाई शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहून उत्तरं देत होत्या. मूठभर. सव्वाबाराच्या सुमारास. गड्डा नाही, फक्त पानं, तीही वरची.

"गड्डा नाही हे फार बरं झालं," डॉक्टरीण म्हणाली. "सगळ्यात जास्त त्रास त्यानं झाला असता. आता सहा तास आम्ही लक्ष ठेवू."

"आणि बाळ?"

"ते आत्ता बघतोय."

दार बंद झालं. बाई बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर फरशीपासून अर्ध्यापर्यंत हिरवा रंग होता, वर पांढरा, मध्ये एक हिरवी पट्टी जराशी वाकडी मारलेली. त्या पट्टीकडे बघत त्यांनी किती वेळ काढला कुणास ठाऊक. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्यांना आजवर बोलण्यापुरतंच माहीत होतं. एक नर्स येऊन त्यांची नाडी बघून गेली. पलीकडून घड्याळजींच्या उलट्यांचा आवाज येत होता आणि मधूनमधून त्यांचं "अरे बापरे." सुनेच्या खोलीतून मात्र काहीच आवाज नव्हता. बाईंना ती शांतताच सहन होईना.

मग दार किलकिलं झालं, आणि आतून यंत्राचा घोड्याच्या टापांसारखा दबका, भरभर आवाज आला. धाड-धाड-धाड. बाई उठल्या, पण आत जायचं धाडस झालं नाही. त्या चौकटीला धरून ऐकत राहिल्या. डॉक्टरीण म्हणाली, "ठोके व्यवस्थित आहेत." बाईंना रडू आलं ते तेव्हा, पदरात तोंड घालून, आवाज न करता.

संध्याकाळपर्यंत घड्याळजींना सलाईन लागलं, सुनेला दोनदा उलट्या झाल्या, बाईंना एकदा. त्यापलीकडे काही झालं नाही. घर गाठेपर्यंत दिवेलागण झाली होती. घड्याळजी लगेच झोपले. सून मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दुधाच्या पातेल्याच्या कानाला अडकवलेली चिठ्ठी तिनं पहिल्यांदाच नीट वाचली.

"पानांचं मी समजू शकते," ती म्हणाली. "ते कुणाकडूनही झालं असतं. पण गॅस? चार महिने मी आत झोपत होते आणि तुम्ही साबण लावून बुडबुडे बघत होतात?"

"रोज बघत होते."

"मला सांगितलं असतंत तर मी बघितलं असतं. मला तर सगळ्याचाच वास येतो. तुम्ही मला विश्वासात का नाही घेतलंत, आई?"

तू घाबरशील म्हणून, असं त्या म्हणू शकल्या असत्या. पण घाबरल्या होत्या त्या स्वतः. आपल्या हातचं कुणी खाणार नाही याला.

आणि झालं तसंच. सूनबाई भांडली नाही, बोलणंही सोडलं नाही, पण पंधरा दिवस तिनं बाईंच्या हातचं खाल्लं नाही. स्वतः ब्रेड भाजून घ्यायची, फळं चिरून घ्यायची, कचेरीजवळून काहीतरी घेऊन यायची. बाई ताट वाढायच्या आणि ते तसंच झाकून ठेवायच्या. गॅस गळला की वाजणारं एक डबीएवढं यंत्र तिनं आणून भिंतीला लावलं. बाईंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वर्षभरानं, कदाचित नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास घेत जा, ओळखायचा प्रयत्न करा. बाई लवंग, लिंबू, साबण आणि कॉफी घेऊन बसू लागल्या आणि दर वेळी हवाच आत ओढू लागल्या. घड्याळजींनी ते फुलझाड दुकानाच्या दारात नेऊन ठेवलं आणि डब्यावर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "खाऊ नये." येणारी गिऱ्हाइकं ते वाचून त्यांच्याकडे विचित्र बघत.

सोळाव्या दिवशी सून येताना पातीची जुडी घेऊन आली. ओट्यावर ठेवली आणि उंच स्टूल ओढून दाराशी बसली, पदर नाकाला लावून.

"मला शिकवा," ती म्हणाली. "नंतर मलाच करायचंय. आणि मी बघणार."

बाईंनी जुडी सोडली. मुळांची माती धुतली. एक पान सुनेकडे दिलं. तिनं चुरगाळून वास घेतला, तोंड वाकडं केलं, मान डोलावली. मग बाईंनी तेच पान बोटांत धरून दाबून दाखवलं. "नळी आहे ना? दाबलं की हवा निघते. ज्याला नळी नाही ती पात नाही. हे मला हातानं कळायला हवं होतं त्या दिवशी. कळलंही होतं. मी मानलं नाही."

बाईंनी बुडखे उभे चिरले, मग आडवे. तेल तापलं. सूनच म्हणाली, "आता टाका, तेलाचा वास बदलला." बाईंनी टाकले. "मंद करा. गोडसर येतोय, अजून थोडं. आता बास." बाईंनी शेगडी बंद केली, तीनदा बटण चाचपलं, आणि सुनेनं ते करू दिलं. हिरवं वरून घातलं, बटाटे मिसळले.

दोन ताटल्या वाढल्या. बाईंनी आधी स्वतः चार घास खाल्ले, मुकाट्यानं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पंधरा मिनिटं दोघी बसून राहिल्या. भिंतीवरच्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मग सुनेनं चमचा उचलला. बाईंचं लक्ष तिच्या गळ्याकडे होतं, घास उतरतो कसा ते बघत. असं बघणं पुढेही कितीतरी दिवस, प्रत्येक ताटाला होणार होतं.

सूनबाईनं घास गिळला. तिनं दुसरा चमचा भरला.

"कांदा लागतोय," ती म्हणाली, नाक मुरडून, आणि खात राहिली.